कागबेनीला निघालो, लुब्राला पोचलो

आधी राग काढतो, मग बाकीचं. "अब तो पूरा पक्का रोड है, चार घंटे में जोमसोम," असं नेपाळमधल्या पोखरात आम्हाला ज्या गृहस्थानं छातीठोकपणे सांगितलं, तो बेनीच्या पुढे गेल्या दोन-चार वर्षांत तरी गेलेला नाही. पैज लावतो.

मी आणि माझा मेव्हणा, दोन एक्सपल्स मोटरसायकली, जोमसोम-कागबेनीवरून मुक्तिनाथला. गाड्या पुण्याहून गोरखपूरला रेल्वे पार्सलनं पाठवल्या, तिथून सुनौली, बुटवल, तानसेन, पोखरा. पोखरात दोन दिवस होतो. तळं छान आहे. पुढे.

पोखरा ते बेनी साधारण ८० किलोमीटर, त्याबद्दल तक्रार नाही. बेनी ते जोमसोम पंचाहत्तरच्या आसपास. त्यातला तातोपानी ते घासा हा वीस-बावीस किलोमीटरचा तुकडा आम्हाला चार तास पुरला. चढावर पिठासारखी धूळ, तीही घोट्याच्या वर. धुळीखाली नारळाएवढे गोटे, ते दिसत नाहीत, चाक गेल्यावर कळतात. मध्येच जेसीबी रस्ता अडवून डोंगर खरवडत असतो. तोपर्यंत दोन्ही बाजूंना जीपा, बसा, मालाचे ट्रक. वाट मोकळी झाली की सगळे एकदम सुटतात आणि पुढचा अर्धा किलोमीटर काहीच दिसत नाही. दाना गावाच्या पुढे रुप्से छहरा हा धबधबा रस्त्याला लागूनच आहे, तिथं ओल्या दगडावर मी पहिल्यांदा आडवा झालो. दुसऱ्यांदा त्याच्यापुढे दोन वळणांवर. क्लच लिव्हर तुटला. जादाचा लिव्हर जवळ होता म्हणून हे लिहितोय. तुम्ही क्लच आणि ब्रेक दोन्हीचे ठेवा, लिव्हर गार्ड लावलेले असले तरी.

आम्ही गेलो ते दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात हा तुकडा करू नका, एवढंच सांगतो. आणि त्या दिवशी जोमसोमचं बुकिंग करू नका. लेते गावात अंधार पडला, तिथंच थकाली (म्हणजे इथल्या स्थानिक लोकांचं) जेवण जेवून पडलो. हात इतके भरून आले होते की मेव्हणा डाळभात चमच्यानं खात होता, आणि तो चमच्यानं खाणाऱ्यांतला नाही.

दुसरा दिवस सोपा. तुकुचे, मार्फा, सफरचंदं, जोमसोम. सांगण्यासारखं काही नाही.

जोमसोमच्या लॉजवरच्या दिदीनं एकच गोष्ट बजावून सांगितली होती: अकराच्या आत कागबेनी गाठा, नंतर हावा सुटते. ही 'हावा' म्हणजे आपल्याकडचा वारा नव्हे. एका बाजूला ८,१६७ मीटरचा धौलागिरी, दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरचं अन्नपूर्णा, मधून काली गंडकी नदीची फट. उत्तरेकडचं मुस्तांगचं उघडं पठार उन्हानं तापलं की खालची हवा या फटीतून वर ओढली जाते. जोमसोमची विमानं फक्त सकाळी उडतात ती याच वाऱ्यापायी. पण कागबेनी जेमतेम दहा-बारा किलोमीटर. आम्ही मनात म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. साडेसातला निघालो.

इथं नदीचं पात्र एवढं रुंद आहे की पाणी कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधावं लागतं. बाकी सगळे गोटे आणि वाळू. त्यात जीप-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, कुठलीही कुठेही जाते. एका ठिकाणी रस्ता उकरलेला होता आणि एक ट्रॅक्टर शेजारून खाली पात्रात उतरला.

"दाजी, ट्रॅक्टर गेलाय म्हणजे रस्ता असणार."

मोबाइलच्या नकाशात निळा ठिपका नदीत होता. आम्हीही नदीतच होतो, म्हणजे नकाशा बरोबरच म्हणायचा! ट्रॅक्टर दिसेनासा झाला, चाकोरी राहिली. ती हळूहळू उजवीकडे वळली. डोंगर जवळ आले. एकच ओढा आम्ही सहा वेळा ओलांडला आणि दर वेळी वाटलं की हा नवीन ओढा. काली गंडकी मागे राहून आपण भलत्याच खोऱ्यात शिरलोय, हे कळायला पाऊण तास लागला. सूर्य समोर होता. उत्तरेला जाणाऱ्या माणसाच्या समोर सकाळी सूर्य कशाला येईल? दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गंमत म्हणजे तोवर आमचा राग उतरला होता. आदल्या आदल्या दिवशीच्या धुळीत डोकं सतत पुढच्या जीपच्या मागच्या चाकावर होतं. इथं पुढं कोणी नाही, मागून हॉर्न नाही, तासात अमुक किलोमीटर हा हिशेबच मोडलेला. पहिल्या गिअरमध्ये गोट्यांवरून डुगडुगत जायचं, अडकलं की उतरून ढकलायचं. मेव्हणा हेल्मेटमध्ये अभंग म्हणायला लागला. हा माणूस घरी आरतीलाही उशिरा येतो.

डोको, म्हणजे पाठीवरची टोपली, घेतलेली एक बाई समोरून आली. विचारलं, "कागबेनी?" ती इतकी हसली की डोको खाली ठेवावा लागला. "बाटो बिराउनुभयो!" म्हणजे वाट चुकलात. बाटो म्हणजे आपली वाटच, ते कळलं. वर बोट दाखवून म्हणाली, लुब्रा.

लुब्रा हे बोन धर्माचं, म्हणजे तिबेटच्या बौद्ध धर्माआधीच्या जुन्या धर्माचं, गाव आहे. मोजकी मातीची घरं, सपाट छपरांच्या कडेनं रचलेलं सरपण, गोट्यांच्या बांधांमागे फापराची (कुट्टूची) रिकामी शेतं आणि सफरचंदाची झाडं. गाड्या खाली ओढ्यापाशी लावून चढलो. गोम्पाशी, म्हणजे मठाशी, पोचल्यावर सवयीनं उजवीकडून प्रदक्षिणा सुरू केली तर एका आजोबांनी खांद्याला धरून मला उलटं फिरवलं. बोन लोक डावीकडून फिरतात. त्यांचं स्वस्तिकही आपल्या उलट. मग आजोबांच्या मागून तीन फेऱ्या उलट्या मारल्या. त्यांनी लोण्याचा खारट चहा दिला. पहिला घोट अवघड जातो, दुसरा कप आपण मागतो. पैसे घेतले नाहीत. आमच्याकडची राजगिऱ्याची चिक्की दिली, ती त्यांनी दात नसल्यामुळे नातवाकडे सरकवली.

नकाशात एवढंसं खोरं, आम्ही त्यात चार तास घालवले. या प्रवासातले हेच चार तास मी पुन्हा पैसे देऊन घेईन.

बाहेर पडलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि दिदी खरी ठरली. खोऱ्याच्या तोंडाशी डावीकडून वाऱ्याची अशी थाप बसली की गाडी चालत असताना दोन फूट सरकली. वाळू व्हायझरच्या आत. उजवीकडे वळल्यावर वारा पाठीवर आला आणि कागबेनीपर्यंत आम्हाला ढकलतच नेलं. परतीला हाच वारा तोंडावर असतो, म्हणून मुक्तिनाथहून पहाटेच निघा.

तेव्हा लुब्राला चुकायचं असेल तर सातच्या आत चुका. मागच्या टायरची हवा थोडी कमी करा, टाकी बेनीलाच भरून घ्या. कागबेनीच्या उत्तरेला मात्र चुकू नका, तिथून वरच्या मुस्तांगचं वेगळं आणि महाग परमिट लागतं. अन्नपूर्णा क्षेत्राचं साधं परमिट पोखरातच काढा, सार्कवाल्यांना स्वस्त आहे. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधारवर विसंबू नका. सीमेवर भन्सारचा, म्हणजे नेपाळी कस्टम्सचा, फॉर्म स्वतः भरा. आमच्याकडून एका दलालानं पावतीवरच्या आकड्याच्या तिप्पट घेतले.

आणि कुठेही आकडा ऐकलात की आधी विचारा, आयसी की एनसी? भारतीय की नेपाळी? १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. मुक्तिनाथजवळच्या राणीपौवाच्या लॉजवर खोली १६०० सांगितली. आम्ही नेपाळी समजून, म्हणजे आपले हजार, खूश होऊन झोपलो. सकाळी मालक म्हणे आयसी. सहाशे रुपये गेले आणि गरम पाणी नव्हतं. मुक्तिनाथच्या वाटेवर शाळिग्राम विकतात, तिथंही हाच खेळ. आईसाठी घ्यायचा होता, घेतला नाही.

परतताना पहाटे निघून साडेसहाला त्या ओढ्याच्या पुलावर आलो. वारा नव्हता. ट्रॅक्टर पात्रात उतरत होता. त्या दिवशी बेनी गाठायचं ठरलेलं होतं, मधे तो घासा-तातोपानीचा तुकडा होता. मेव्हण्यानं डावा इंडिकेटर दिला.