डॉमिनीकाचं उकळतं तळं: जाताना नव्हे, येताना सांभाळा

आधी नावाचा घोळ मिटवतो. हा वृत्तांत डॉमिनीकाचा आहे, डॉमिनिकन रिपब्लिकचा नाही. स्थानिक लोक 'नी'वर जोर देऊन 'डॉमिनीका' म्हणतात. दोन्ही देशांच्या माणसांना इंग्रजीत 'डॉमिनिकन'च म्हणतात, त्यामुळे इंटरनेटवर शोधलं की निम्मी माहिती भलत्याच देशाची येते. प्रवास विम्याच्या फॉर्मवर माझ्या हातून चुकीचा देश निवडला गेला होता, बायकोने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. तिकीट, विमा आणि मुक्काम, तिन्हींवरचं नाव दोनदा वाचा.

आपला डॉमिनीका ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध आहे. क्षेत्रफळ साधारण ७५० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून थोडंच जास्त. राजधानी रोझो. पांढऱ्या वाळूवर आडवं पडायचं असेल तर दुसरं बेट गाठा, इथली वाळू बहुतेक ठिकाणी काळी आहे. इथे यायचं ते ज्वालामुखींसाठी, जंगलासाठी आणि उकळत्या तळ्यासाठी.

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आलेला माझा मावसभाऊ. तिघांनाही सह्याद्रीची सवय आहे. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय, पावसाळ्यात राजगड-तोरणा झालाय. म्हणून हे सगळं चालणाऱ्यांसाठी लिहितो आहे. ज्यांना सिंहगड चढताना धाप लागते त्यांनी हा बेत करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमची फसगत झाली ती अंतराच्या आकड्यामुळे. जाऊन येऊन साधारण १३ किलोमीटर, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ओळखीच्या एकाने तर 'सिंहगड दोनदा केल्यासारखं' असं सांगितलं होतं. १३ किलोमीटर म्हटल्यावर आम्ही मनात पाच तास धरले, दुपारी दोनला खाली आणि मग समुद्रावर. प्रत्यक्षात सकाळी सातला निघालो ते संध्याकाळी साडेचारला गाडीपाशी पोहोचलो. साडेनऊ तास! वेगाने चालणारे सहा-सात तासांत करतात हे खरं आहे, पण ते कोरड्या दिवशी आणि न थांबता.

ट्रेकची सुरुवात रोझोच्या वर लॉदा गावाजवळ, टीटू गॉर्ज नावाच्या घळीपासून होते. पहिला तास सोपा आहे. दाट जंगल, झाडांच्या मुळ्या, लाकडी ओंडके आडवे टाकून केलेल्या पायऱ्या. मग ब्रेकफास्ट रिव्हर लागते. वाटेवरचं पिण्याजोगं पाणी इथे संपतं. यानंतर जे ओढे दिसतील ते गंधकाचे आहेत. माणशी तीन लिटर पाणी हवंच आणि त्यातल्या एका बाटलीत इलेक्ट्रॉल घाला. आम्ही दोन-दोन लिटर घेतलं होतं आणि ते कमी पडलं.

नदीपासून मोर्न निकल्सच्या माथ्यापर्यंत खडा चढ आहे. वाटेतला सगळ्यात उंच टप्पा हाच. पलीकडे खाली डेसोलेशनची दरी दिसते. डोंगराचा हिरवा रंग मध्येच संपतो आणि राखाडी, पिवळा, गंजका उतार सुरू होतो, ठिकठिकाणी वाफ. माथ्यावरून दरीत उतरायची वाट तीव्र उताराची आहे, काही ठिकाणी दोन्ही हात लावावे लागतात. लोक घाबरवतात ते याच टप्प्याला. दृष्टिभय, म्हणजे खाली खोल पाहून वाटणारी भीती, मात्र फार नाही, आणि जाताना पाय ताजे असल्याने उतरून जातो.

दरीतून चालणं सावकाशीचं काम आहे. जमिनीतून फसफसणारी छिद्रं, दुधाळ पाण्याचा ओढा, शेजारीच काळ्या पाण्याचा दुसरा, कुजक्या अंड्यासारखा वास. वाटाड्याच्या पावलावरच पाऊल टाका. वरून घट्ट दिसणारी चिखलाची साय आतून पोकळ असते, खाली उकळतं पाणी असतं. आमच्या वाटाड्याने अशाच एका झऱ्यात अंडी उकडून दिली. मीठ त्याने पुडीत बांधून आणलं होतं. दहा मिनिटांत अंडी तयार, तिथेच दगडावर बसून खाल्ली. त्या अंड्यांची चव अजून जिभेवर आहे.

पुढे तासभर छोटे चढ-उतार, आणि एकदम तळ्याचा काठ. साधारण ६० मीटर व्यासाचं, उभ्या कातळाच्या कढईत बसलेलं राखाडी-निळं पाणी, मधोमध खदखदणारं. हे साधं तळं नाही, खालच्या ज्वालामुखीच्या वाफा ज्यातून बाहेर पडतात अशी भेग पाण्याने भरली आहे. काठाजवळच पाण्याचं तापमान ८० ते ९० अंशांच्या दरम्यान मोजलं गेलंय, मधे ते उकळतंच. २००४ च्या डिसेंबरात तळं जवळजवळ रिकामं झालं होतं आणि काही महिन्यांनी पुन्हा भरलं. आम्ही पोहोचलो तेव्हा वाफेशिवाय काही दिसत नव्हतं. वीस मिनिटं बसलो. वारा फिरला आणि वाफेचा पडदा एका बाजूने उचलला गेला. मधलं पाणी हंड्यात आधण आल्यासारखं उसळत होतं. मावसभाऊ एरवी सारखा बोलत असतो, तो तेवढा वेळ गप्प होता. तिथे किमान अर्धा तास थांबायचं ठरवूनच जा. दोन मिनिटांत फोटो काढून वळलेले लोक आम्ही पाहिले, त्यांना वाफच मिळाली.

आता परतीबद्दल, कारण हे सगळं लिहायला बसलो ते त्यासाठीच. तळं हे अर्ध्यावर आहे. परत येताना दरीतून मोर्न निकल्सचा तोच तीव्र उतार चढून यायचा, आणि मग खरी वाईट वाट सुरू होते: माथ्यापासून ब्रेकफास्ट रिव्हरपर्यंतची उतरण. जाताना चढलेल्या त्याच ओंडक्यांच्या पायऱ्या. पावसाने ओंडक्यांमागची माती वाहून गेली आहे, त्यामुळे प्रत्येक पायरी म्हणजे पुढे निसरडं गोल लाकूड आणि मागे चिखलाचा खड्डा. दोन पायऱ्यांमधली उंची कधी वीतभर, कधी गुडघ्याइतकी. लय म्हणून सापडत नाही. आपला सह्याद्रीचा कातळ ओला असला तरी बुटाला धरून ठेवतो. इथे चिकणमाती आहे, ती बुटाच्या तळव्यात भरते आणि मग कितीही चांगली पकड असलेला बूट पाटासारखा गुळगुळीत होतो. दर दहा मिनिटांनी काटकीने तळवे खरवडायचे, हा एकच उपाय.

त्यात दुपारी पाऊस आला. फेब्रुवारी हा कोरड्या हंगामातला महिना, पण हे वरचं जंगल बारा महिने ओलं असतं, आंबोलीच्या पावसाची आठवण यावी इतकं. माझ्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले आणि बायकोचा डावा गुडघा भरून आला. तिने शेवटचा तास उलटं, तोंड चढाकडे करून उतरून काढला. वाटाड्या दर पायरीला तिच्यासाठी पाय रोवून उभा राहायचा. तो सकाळीच म्हणाला होता, "जाताना फुप्फुसं लागतात, येताना गुडघे." तेव्हा आम्ही ते कानाआड केलं. एवढा भाग आम्हाला दोन तास पुरला.

तेव्हा माझं सांगणं असं. ट्रेकिंगच्या काठ्या दोन घ्या, एक नाही. गुडघ्याला पट्टा बांधायची सवय असेल तर बांधूनच निघा. सातच्या पुढे निघू नका, आणि बारापर्यंत तळं गाठलं नाही तर जिथे असाल तिथून फिरा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जंगलात त्याच्या आधीच काळोख होतो. हेडटॉर्च पिशवीत हवाच. वाटाड्या केलाच पाहिजे, मग तुम्ही कितीही किल्ले केलेले असा. दरीत धुकं उतरलं की वाट दिसत नाही, आणि तिथे चुकलेलं पाऊल उकळत्या पाण्यात पडतं. वाटाड्याचे पैसे हे या सहलीत सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे.

आणखी एक, चांदीचं काही अंगावर ठेवू नका. बायकोची जोडवी बुटामोज्यांच्या आत होती, तरी गंधकाच्या पाण्याने काळी ठिक्कर पडली. रात्री मोजे काढले तेव्हा वाटलं बोटाला इजा झाली आहे. घरी आल्यावर रिठ्याच्या पाण्यात घासून बरीचशी निघाली, एका जोडव्याच्या नक्षीत काळपटपणा अजून आहे.

पैशांच्या बाबतीत आम्हाला फटका बसला तो पहिल्याच तासात. मुख्य विमानतळ बेटाच्या ईशान्येला, रोझो नैर्ऋत्येला, मधे तासा-दीड तासाचा घाटरस्ता. टॅक्सीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "नव्वद." इथलं चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, बोलताना 'ईसी'. एका अमेरिकी डॉलरला २.७० ईसी हा दर १९७६ पासून बांधलेला आहे. म्हणजे नव्वद ईसी हे तेहतीसेक अमेरिकी डॉलर, तिघांना स्वस्तच, म्हणून बसलो. उतरताना कळलं, नव्वद अमेरिकी. सामान डिकीत, बाहेर पाऊस, दिवस कललेला. दिले. दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यांनी बोलावलेली गाडी याहून बऱ्याच कमी पैशांत आली असती. मला अजून राग आहे, कारण त्याने विमानतळावर मोघम 'नव्वद' म्हटलं ते समजूनउमजून म्हटलं. कुठलाही आकडा ऐकला की पहिला प्रश्न एकच: ईसी की यूएस? आणि दुसरा: माणशी की गाडीचे? दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय डिकीत सामान ठेवू देऊ नका. मुक्कामाच्या ठिकाणाहून गाडी आधी सांगून ठेवली तर आणखी उत्तम. अमेरिकी नोटा सगळीकडे चालतात, पण सुटे ईसीत मिळतात आणि ते २.७० ने मिळतातच असं नाही. पहिल्याच दिवशी बँकेतून ईसी काढा.

रोजच्या फिरण्याला मिनीबस चांगल्या आणि स्वस्त. नंबरप्लेट 'एच'ने सुरू होते, हात केला की थांबतात. संध्याकाळी आणि रविवारी मात्र त्यांच्या भरवशावर राहू नका. भाड्याची गाडी घेतली तर वाहतूक डाव्या बाजूने आहे, त्यामुळे मावसभावाला सोपं गेलं आणि मला अवघड. रस्ते वरंधा घाटाची आठवण करून देणारे, कडेला उघडी खोल गटारं. रात्री चालवू नका.

भारतीय पासपोर्टला इथे पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण अमेरिकेमार्गे आलात तर अमेरिकेचा लागेल. अमेरिकेत एच-वन-बीवर असलेल्यांनी हे नीट वाचा: पासपोर्टवरचा अमेरिकी व्हिसाचा शिक्का संपला असेल तर कॅनडा-मेक्सिकोसारखी परत येण्याची सवलत या बेटांवरून मिळत नाही. शिक्का चालू असेल तरच निघा. वीज भारतासारखी २३० व्होल्टची आहे, अमेरिकेतलं नुसत्या ११० व्होल्टवर चालणारं उपकरण लावलंत तर जळेल.

खाण्यापिण्यात मराठी माणसाला परकं वाटणार नाही. डॅशीन म्हणजे अळूचा कंद, त्याच्याच पानांचं कॅललू म्हणजे आपल्या फदफद्याचं दाट सूप. ब्रेडफ्रूट म्हणजे नीरफणस, निखाऱ्यावर भाजलेला. शाकाहारी असाल तर कॅललूत खेकडा किंवा खारवलेलं मांस आहे का ते विचारून घ्या, नाहीतर रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या खानावळी शोधा. तिथल्या जेवणाला 'आयटल' म्हणतात, त्यात मांस नसतं. क्रूझ जहाज बंदराला लागलं असेल त्या दिवशी रोझोत आणि ट्रॅफल्गर धबधब्यावर जाऊ नका, गर्दी आणि भाव दोन्ही वाढलेले असतात. पोर्ट्समथ, इंडियन रिव्हर, शॅम्पेन रीफ ही बेटावरची बाकीची ठिकाणं सुरेख आणि सोपी आहेत, त्यांबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

वाटेची आजची परिस्थिती निघायच्या आदल्या दिवशी वाटाड्याला विचारा. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया वादळाने या बेटावरची जंगलं आणि वाटा उद्ध्वस्त केल्या होत्या आणि आजही मोठ्या पावसानंतर दरडी येतात. तळ्यापर्यंत रोपवे बांधायचं कामही हाती घेतलेलं आहे, त्यामुळे वाट मध्येच बंद असू शकते.

आणि ट्रेक शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पाऊस पडला तर दुसरा दिवस हाताशी हवा, आणि ट्रेकनंतरचा दिवस मोकळा हवा. आमचं विमान दुसऱ्याच दिवशी सकाळी होतं. विमानाच्या शिडीवर बायकोने कठडा दोन्ही हातांनी धरला होता आणि मागची रांग थांबली होती.