परदेशी नागरिकांचा कायदा पास झाला तेव्हा आपला खासदार कुठल्या बाजूला होता?

संसदेत एखादं बिल पास झालं की पेपरात "विधेयक मंजूर" एवढीच बातमी येते, टीव्हीवर दिवसभर पट्टी फिरते अन दोन दिवसांत सगळे विसरून जातात. पण त्या बिलावर आपल्या मतदारसंघाचा माणूस उभा राहून काय बोलला, हो म्हणला का नाही म्हणला, का त्या दिवशी सभागृहातच नव्हता, हे गावात कोणालाच माहीत नसतं. म्हणून मी एक वही ठेवलीय. विदर्भातल्या लोकसभेच्या दहाही जागांची पानं आहेत तिच्यात, अन विषय एकच धरलाय, बाहेरून येणाऱ्या माणसांचे कायदे, नागरिकत्व, सीमा, अन त्याच्याशी जोडलेले दाखले-कागदपत्रं.

पानठेल्यावर एका काकाजींनी मला विचारलंच, "काहून बाप्पा, आपल्या इकडं कोनती बॉर्डर हाय? हे तं बंगाल-आसामवाल्याईचं काम हाय." त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच इथं लिहितो. बॉर्डर आपल्या इथून शेकडो किलोमीटर लांब आहे हे खरं, पण बॉर्डर ओलांडून आलेली माणसं आपल्या शेजारी दोन-तीन पिढ्यांपासून राहतायत. गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली गावं आहेत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना साठ-सत्तरच्या दशकात सरकारनंच तिथं जमिनी देऊन वसवलं, आज ती माणसं तिथं धान पिकवतात, तलावात मासे पाळतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावजवळ गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासून. नागपुरात जरीपटक्याकडं पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं आहेत, त्यातली कित्येक वर्षानुवर्षं लाँग टर्म व्हिसावर राहिलेली. दिल्लीत या विषयावर एक कलम बदललं की ते या सगळ्यांच्या दारात येऊन उभं राहतं. अन आता तर ते आपल्याही दारात आलंय, त्याचं पुढं सांगतो.

आधी सोपं उदाहरण घेऊ, म्हणजे जिथं रेकॉर्ड आहे ते. २०१९ चं नागरिकत्व दुरुस्ती विधेयक, सीएए. ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत चर्चा सुरू झाली, रात्री बारा वाजून गेल्यावर मतदान झालं, बाजूनं ३११ अन विरोधात ८०. दोन दिवसांनी ११ तारखेला राज्यसभेत १२५ विरुद्ध १०५. हे आकडे कळतात कारण तिथं मतविभाजन झालं, म्हणजे प्रत्येक सदस्यानं बटण दाबून किंवा चिठ्ठीवर आपलं मत नोंदवलं. अशा वेळी कोणी काय मत दिलं त्याची नावानिशी यादी कामकाजात छापली जाते. ती यादी कोणीही काढून वाचू शकतो, त्याला कोणाची ओळख लागत नाही.

आता यातली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अशी. तेव्हा विदर्भात बुलढाणा, यवतमाळ-वाशिम अन रामटेक या तीन जागा शिवसेनेकडं होत्या. लोकसभेत शिवसेनेनं बिलाच्या बाजूनं मत दिलं. अन अठ्ठेचाळीस तासांच्या आत राज्यसभेत त्याच पक्षानं मतदानाच्या वेळी सभात्याग केला. त्याच्या थोडं आधीच राज्यात सरकार बदललं होतं, २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरेंनी काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली होती, त्यामुळं दबाव कुठून आला ते समजतं. पण एखाद्यानं विचारलं की या पक्षाची सीएएवर भूमिका काय, तर एका ओळीत उत्तर देताच येत नाही, दोन तारखा अन दोन सभागृहं सांगावी लागतात. अन सभात्याग म्हणजे विरोध नाही हेही लोकांना सांगावं लागतं. साधं बिल पास होताना हजर राहून मत देणाऱ्यांचंच बहुमत मोजतात, बाहेर गेलेला माणूस मोजणीतच नसतो, त्यामुळं जिंकण्यासाठी लागणारा आकडा खाली येतो. बाहेर जाणाऱ्यानं सरकारचं काम सोपं केलेलं असतं, मग बाहेर येऊन माईकसमोर त्यानं काहीही बोललं तरी. वहीत मी सभात्यागाला वेगळा रकाना केलाय, विरोधाच्या रकान्यात टाकत नाही.

आता दुसरं उदाहरण, अन माझा जीव यात जास्त जळतो.

११ मार्च २०२५ ला लोकसभेत इमिग्रेशन अँड फॉरेनर्स बिल मांडलं गेलं. साधंसुधं बिल नव्हतं ते. १९२० चा पासपोर्ट प्रवेशाचा कायदा, १९३९ चा परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा, १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट अन २००० चा विमान-जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा, असे चार कायदे रद्द करून त्यांच्या जागी हा एक आला. पासपोर्ट-व्हिसा नसताना देशात शिरलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. बनावट कागदपत्र वापरलं तर कमीत कमी दोन अन जास्तीत जास्त सात वर्षं, दंड एक लाखापासून दहा लाखांपर्यंत. हॉटेल, कॉलेज, दवाखाना, सगळ्यांनी त्यांच्याकडं आलेल्या परदेशी माणसाची माहिती द्यायची. विरोधकांनी हे आधी तपासणीसाठी संसदेच्या समितीकडं पाठवा म्हणून मागणी केली, गृहमंत्री अमित शाह यांनी उत्तरात भारत म्हणजे धर्मशाळा नाही असं सांगितलं, २७ मार्चला लोकसभेत पास, २ एप्रिलला राज्यसभेत पास, ४ एप्रिलला राष्ट्रपतींची सही, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू.

अन दोन्ही सभागृहांत पास झालं आवाजी मतदानानं. "जे बाजूनं असतील त्यांनी हो म्हणा, विरोधात असतील त्यांनी नाही म्हणा", अध्यक्ष आवाज ऐकतात अन जाहीर करतात. ग्रामसभेत ठरावावर "सर्वानुमते मंजूर" लिहून टाकतात अन कोण बसलं होतं, कोण उठून गेलं होतं त्याचा पत्ता नसतो, अगदी तसंच. त्यामुळं ज्या कायद्यानं शंभर वर्षांची जुनी चौकट बदलली त्यावर आपल्या दहा खासदारांपैकी एकाचंही मत नावानिशी कुठं नोंदलेलं नाही. जो बोलला त्याचं भाषण सापडतं, जो बोलला नाही त्याचं काहीच नाही. तो उद्या गडचिरोलीत जाऊन एक सांगू शकतो अन नागपुरात दुसरं, अन आपल्याकडं दाखवायला कागद नाही.

वेळ नव्हता म्हणून आवाजी मतदान घेतलं असं कोणी म्हणू नये. त्याच आठवड्यात वक्फ विधेयक आलं होतं, त्यावर दोन्ही सभागृहं मध्यरात्र उलटेपर्यंत बसली अन मतविभाजन झालं, लोकसभेत २८८ विरुद्ध २३२, राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५. ज्या २ एप्रिलला लोकसभेत ती चर्चा चालू होती त्याच दिवशी राज्यसभेत हा परदेशी नागरिकांचा कायदा आवाजावर पास झाला. म्हणजे मनात आणलं तर मोजता येतं. लोकसभेच्या नियमात तशी सोय आहे, अध्यक्षांनी आवाजावरून जे जाहीर केलं त्याला सदस्य आव्हान देऊ शकतो अन मतविभाजन मागू शकतो. अध्यक्षांना ती मागणी विनाकारण वाटली तर ते नुसतं जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात, तेव्हा नावं नोंदत नाहीत, हीपण पळवाट आहेच. पण मागायला तरी पाहिजे. समितीची मागणी करणाऱ्या विरोधकांनी शेवटी नावानिशी मोजणीसाठी ताणून का धरलं नाही हा माझा सत्ताधाऱ्यांइतकाच त्यांनाही प्रश्न आहे, अन आज विदर्भातल्या दहापैकी सात जागा त्यांच्याकडं आहेत.

आता आपल्या दारातलं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ ला बदल झाला. १ ऑगस्टला लोकसभेत पास झालं तेव्हा मणिपूरवरून गोंधळ चालू होता, त्या गोंधळातच आवाजी मतदान झालं, ७ ऑगस्टला राज्यसभेत. त्यात एक बारीक कलम होतं. जन्माची नोंद एक वर्षापेक्षा जास्त उशिरा करायची असेल तर आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा, म्हणजे कोर्टाचा, आदेश लागायचा. आता तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यानं नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं आला. म्हणजे काम कोर्टातून महसूल खात्यात. तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग तहसीलमधे अर्ज वाढले, २०२५ च्या सुरुवातीला आरोप झाले की असे उशिराचे दाखले बांगलादेशींना दिले, राज्य सरकारनं एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमलं, दाखले देणं थांबवलं, मार्चमधे नवी कडक पद्धत आणली, नायब तहसीलदारांनी दिलेले आदेश रद्द ठरवले. अकोला-अमरावतीकडं याची फार चर्चा झाली.

कोणी खोटा कागद दाखवून दाखला घेतला असेल तर त्याची चौकशी व्हावी, त्यात दुमत नाही. पण रांगेत कोण उभं असतं ते इथं राहणाऱ्याला दिसतं. घरी बाळंतपण झालेल्या बायाची लेकरं. शाळेत मास्तरनं अंदाजानं १ जून तारीख टाकलेली माणसं. आमच्या ओळखीतली एक मावशी, हिंदू, मजुरी करणारी, तिच्याजवळ बापाच्या नावाची कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल अन शाळेच्या दाखल-खारीजचा उतारा एवढंच होतं, ती मला म्हणाली, "भाऊ, म्या इथंच जल्मली, इथंच लगन झालं, आता मले कोन इचारते का तू कुठली म्हनून?" तिला मी काय सांगू की हे दिल्लीत एका गोंधळाच्या दिवशी ठरलं अन तुझा खासदार तेव्हा हो म्हणत होता का घोषणा देत होता ते कुठं लिहिलेलंच नाही?

काही गोष्टी तर मतदानाला येतच नाहीत. ऑक्टोबर २०२१ मधे पंजाब, पश्चिम बंगाल अन आसाममधे बीएसएफचं, म्हणजे सीमा सुरक्षा दलाचं, कार्यक्षेत्र सीमेपासून १५ वरून ५० किलोमीटर आत केलं, ते गृहमंत्रालयाच्या अधिसूचनेनं. परदेशी नागरिकांच्या नव्या कायद्यातल्या पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून कोणाला सूट, तेही आदेशानंच ठरलं. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले तिथले अल्पसंख्याक अन नोंदणी असलेले तिबेटी, यांना सूट मिळाली. आपल्या गोठणगावच्या वसाहतीशी याचा थेट संबंध आहे, पण यावर कुठल्या खासदाराला मत द्यावंच लागलं नाही. अशा ठिकाणी भूमिका बघायची जागा एकच, त्यानं प्रश्न विचारला का. लोकसभेत लेखी उत्तराचे अन तोंडी उत्तराचे असे दोन्ही प्रश्न खासदाराच्या नावानं संसदेच्या साइटवर सापडतात, मंत्रालय "गृह" निवडायचं अन शोधायचं. पीआरएस या संसदेच्या कामाची माहिती ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर हजेरी, चर्चा, प्रश्न एका पानावर मिळतात. फक्त एक ध्यानात ठेवा, मंत्री असलेले खासदार प्रश्न विचारत नाहीत अन त्यांची हजेरीही तिथं दिसत नाही, त्यामुळं नागपूर अन बुलढाण्याचे रकाने रिकामे दिसले म्हणून लगेच काही ठरवू नका, ते सरकारमधेच आहेत, सरकारची भूमिका ती त्यांची भूमिका.

अन व्हिप, म्हणजे पक्षादेश. १९८५ पासून राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, लागू आहे, पक्षादेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. म्हणून बटण दाबायच्या दिवशी खासदाराकडं फारसं काही उरलेलं नसतं, त्याचं स्वतःचं काय ते बिल यायच्या आधी, पक्षात अन चर्चेत. त्यामुळं पास झाल्यावर शिव्या देण्यापेक्षा बिल मांडल्याच्या दिवशी त्याच्या ऑफिसला फोन करायला पाहिजे, मांडल्यापासून पास व्हायला कधी दोन आठवडे असतात, कधी २०२३ सारखा आठवडासुद्धा नसतो.

मी आमच्या खासदारांच्या ऑफिसला पत्र दिलंय, दोनच गोष्टी मागितल्यात. एक, उशिराच्या जन्म नोंदीचे किती अर्ज अडकलेत अन त्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल पुरावा म्हणून चालते का नाही, यावर लोकसभेत लेखी प्रश्न टाका. दोन, नागरिकत्व किंवा परदेशी नागरिकांवरचं पुढचं बिल आलं तर मतविभाजन मागा, मत कुठलंही द्या पण नावानं द्या. उत्तर आलं की इथं टाकतो. चंद्रपूर, भंडारा-गोंदिया अन गडचिरोलीकडचं कोणी वाचत असेल तर तिकडच्या खासदारांनी प्रचारात या विषयावर काय सांगितलं होतं ते तारखेसकट पाठवा, माझ्या वहीत त्या तीन पानांवर सभागृहाबाहेरचं काहीच नाही.