ऐकीव नको, खात्रीचं सांगा : आमची वाटचाल

कोल्हापुरात माहितीला तोटा नाही. कुणाच्या पोराचं कुठं जमलंय, कुणाचा ट्रॅक्टर फायनान्सवाल्यांनी ओढून नेला, कोण कुणाला जामीन राहून बुडाला, हे तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्याला सगळ्यांच्या आधी कळतं. त्यामुळं मी खासगी तपासाची फर्म काढतेय म्हटल्यावर थोरले दीर म्हणाले, "पैसे मोजून कोण चौकशी करून घेणार? चहा पाजला की माणूस फुकट सांगतोय." त्यांचं खरंच होतं. फुकट सांगणारे गल्लोगल्ली आहेत, पण सांगितलेल्यावर सही कर म्हटलं की चप्पल पायात सरकवतात. त्या सहीवर आमचा धंदा उभा आहे.

त्याआधी मी एका पतसंस्थेत वसुली विभागात होते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवायचा, मग कर्जदार शोधायचा, तो सापडला नाही की जामीनदार गाठायचा. दिलेल्या पत्त्यावर भलताच भाडेकरू, मोबाईल बंद, आणि जामीनदार म्हणणार, "ताई, सही माझीच हाय, पण कागद कोरा होता." या नोकरीनं पगार बेताचा दिला, पण माणूस शोधायचा कसा ते पक्कं शिकवलं. कर्ज बुडवणारा घर बदलतो, नंबर बदलतो, गाव बदलतो, पण पोराची शाळा वर्षाच्या मधेच बदलत नाही. आणि दारात म्हैस असेल तर दूध कुठल्या ना कुठल्या संस्थेला घालावंच लागतं. आजही आमच्या निम्म्या कामाची सुरुवात या दोन ठिकाणांवरून होते.

नोकरी सोडली २०१८ साली. मुहूर्त काही चांगला नव्हता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी मोबाईलचे कॉल रेकॉर्ड (कुणी कुणाला कधी फोन केला याची नोंद) बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती आणि घरात पेपर रोज वाचला जायचा. सासूबाईंनी एकच विचारलं, "तुला पण नेतील का गं?" मी वकिलाकडं गेले आणि काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही याचीच यादी आधी लिहून घेतली. ती अजून टेबलाच्या काचेखाली आहे.

या धंद्याला परवाना लागतो असं बऱ्याच जणांना वाटतं. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला लागतो, त्यासाठी २००५ चा कायदा आहे. गुप्तहेर संस्थांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे आमच्यासाठी वेगळं लायसन्स अस्तित्वातच नाही. शॉप ॲक्टची नोंद, उद्यम नोंदणी, पॅन, करंट खातं, एवढ्यावर दुकान सुरू होतं. कुणीही उठून सुरू करू शकतो, ही या धंद्याची सोयही आहे आणि दुखणंही. "सरकारमान्य डिटेक्टिव्ह" असा बोर्ड दिसला की मला आधी त्याचीच चौकशी करावीशी वाटते.

पहिलं बऱ्यापैकी काम पुरानं दिलं, हे लिहायला बरं वाटत नाही पण तसंच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा शहरात शिरली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि पाणी ओसरल्यावर विम्याच्या दाव्यांचा ढीग लागला. नुकसानीचा आकडा सर्व्हेअर काढतो. शंका आली की कंपनी वेगळा तपास लावते. तसलं काम मला एका ओळखीच्या सर्व्हेअरमुळं मिळालं. शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं सगळा माल भिजल्याचा दावा केला होता. भिंतीवर गाळाची रेघ छातीच्या उंचीला स्वच्छ उमटलेली. त्याच्या वरच्या फळ्यांवर धूळ होती, ती सुद्धा कोरडी. कंपनीचा माणूस खूश, म्हणाला दावा खोटा. मी म्हटलं थांबा. मालकाच्या हिशोबाच्या वह्या पाण्यात गेल्या होत्या, म्हणून इचलकरंजीत त्याला माल देणाऱ्या व्यापाऱ्यांकडं गेले आणि बिलांच्या प्रती काढल्या. पुराच्या आदल्याच आठवड्यात नवा माल आलेला, आणि तो खाली फरशीवरच उतरवलेला. वरच्या फळ्या त्यानं उगाच दाव्यात घातल्या होत्या, पण खालचा माल खरा होता. अहवालात दोन्ही लिहिलं. त्यातलं निम्मं कंपनीला आवडलं नाही, निम्मं दुकानदाराला. पुढं त्याच दुकानदारानं मला चार कामं आणून दिली.

आता खरं पोट भरतं ते स्थळांच्या चौकशीवर. लोकांना वाटतं आम्ही काळा चष्मा लावून झाडामागं उभं राहतो. प्रत्यक्षात पहिली पायरी पंधरा रुपयांची असते. डिजिटल सहीचा सातबारा तेवढ्यात मिळतो. मुलाकडचे सांगतात सहा एकर बागायत. सातबारा उघडला की सहा एकर असतंच, पण भोगवटादारांच्या नावांत तीन चुलते, दोन आत्या, आणि शेजारच्या 'इतर हक्क' रकान्यात सेवा संस्थेच्या कर्जाचा बोजा. खोटं कुणीच बोललेलं नसतं. सहा एकर आहे की! मुलाच्या वाट्याला किती, हे मुलीच्या वडिलांनी विचारलेलं नसतं, कारण असं विचारणं बरं दिसत नाही. बरं न दिसणारं विचारण्यासाठी ते आमच्याकडं येतात.

गावात गेल्यावर "मुलगा कसा आहे?" असं आम्ही कधीच विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं, "एक नंबर पोरगं." ठरलेलं लग्न मोडल्याचं पाप कुणाला नको असतं आणि उद्या त्याच मांडवात जेवायला बसायचं असतं. म्हणून आमच्या फर्मची पोरगी सरळ डेअरीवर जाते. म्हशी किती, दूध कुणाच्या नावावर जातं, दहा दिवसाचं बिल आणायला कोण येतं, अशा बिनधोक गोष्टींवर माणसं मोकळी बोलतात. बिल न्यायला नेहमी आईच येत असेल आणि पुण्यात कंपनीत आहे म्हणून सांगितलेला पोरगा रोज संध्याकाळी गावच्या पानपट्टीवर दिसत असेल, तर प्रश्न आपोआप समोर येतो. मग पुण्याच्या कंपनीकडं नोकरीची रीतसर खात्री करायची, तीही मुलाची लेखी संमती घेऊन. संमती मागितली की काही स्थळं स्वतःहूनच मागं सरकतात. ते चौकशीचं सगळ्यात स्वस्त उत्तर.

आमचा अहवाल तीन रकान्यांत असतो: पाहिलं, ऐकलं, कागदावर आहे. दारूची सवय 'ऐकलं' मध्ये असेल तर ती 'पाहिलं' मध्ये जाणार नाही, पार्टीनं कितीही आग्रह केला तरी. आणि स्थळ पसंत करा किंवा करू नका, असं आम्ही लिहीत नाही. जातीची, मुलीच्या 'चारित्र्या'ची चौकशी करा म्हणणाऱ्यांना मी चहा देते आणि वाटेला लावते.

न्यायालयाच्या कामात ही रकान्यांची शिस्त फार उपयोगी पडली. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं, तेव्हापासून ही कामं वाढली. एका प्रकरणात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) नवऱ्यानं प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं, बेरोजगार, भावाच्या आधारानं राहतो. बायको म्हणत होती, उद्यमनगरात त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. जीएसटीच्या पोर्टलवर नोंद भावाच्या नावानं निघाली. रस्त्यावरून दिसणाऱ्या बोर्डाचा फोटो घेतला, त्यावर मोबाईल नंबर याचाच. एका कारखानदाराला खरोखरच बुश (यंत्रात बसवायचे पोकळ गोल भाग) करून हवे होते, त्यांच्याकडून ड्रॉइंग घेतलं आणि आमच्या फर्ममध्ये काम करणारे मामा ते घेऊन वर्कशॉपवर गेले. नाव आपलं खरंच सांगितलं. या बेरोजगार गृहस्थांनी मशीन बंद केलं, हात पुसले, व्हर्नियर लावून नमुना मोजला, लेटरहेडवर कोटेशन लिहिलं आणि खाली 'प्रोप्रायटर' म्हणून झोकात सही ठोकली. वर म्हणाले, "ॲडव्हान्स निम्मा लागंल हं मामा, उधारी आपण बंद केलीया."

उलटतपासणीत विरुद्ध बाजूच्या वकीलसाहेबांनी मला पहिला प्रश्न टाकला, "तुमच्याकडं डिटेक्टिव्हचं लायसन्स आहे का?" असं लायसन्स देणारा कायदा देशात नाही आणि माझ्या फर्मची शॉप ॲक्टखाली नोंद आहे, एवढंच सांगितलं. पुढचे प्रश्न फोटोवर आले. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूसुद्धा (फाईलमध्ये नंतर फेरफार झाला का ते ओळखायचा आकडा) लिहायची असते. १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे. म्हणून आमच्याकडं फोटो मोबाईलवरून व्हॉट्सॲपवर टाकून पाठवायला सक्त मनाई आहे. मूळ फाईल कार्डावर, कार्ड पाकिटात, पाकिटावर तारीख आणि सही. नव्या पोरांना हे किरकोळ वाटतं. साक्षीच्या पिंजऱ्यात एकदा उभं राहिलं की वाटत नाही.

काचेखालच्या यादीचं सांगायचं राहिलं. कॉल रेकॉर्ड, मोबाईलचं लोकेशन, बँक स्टेटमेंट, दुसऱ्याच्या फोनमध्ये चोरून ॲप टाकणं, दुसऱ्याच्या गाडीला ट्रॅकर चिकटवणं, पोलीस असल्याची बतावणी. यातलं एकही काम आम्ही घेत नाही. आठवड्यात कुणी ना कुणी यासाठी येतंच. "बायकोचा फोन क्लोन करून द्या, लागेल ते देतो" म्हणणारा माणूस दिसायला अगदी साधा, सालस असतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवरा-बायकोतलं चोरून केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंग वैवाहिक वादात पुरावा म्हणून वाचता येईल असं सांगितलं, तेव्हापासून तर सगळ्यांनाच वाटतं की आता काहीही चालतं. तो निकाल स्वतःच्या जोडीदाराशी स्वतः केलेल्या बोलण्याबद्दल होता. बायको तिच्या बहिणीशी काय बोलते ते ऐकायची मुभा त्यातून मिळत नाही. आणि 'दोघांना पकडून द्या, आत घालतो' म्हणणाऱ्यांना सांगावं लागतं की २७ सप्टेंबर २०१८ पासून व्यभिचार हा गुन्हाच राहिलेला नाही. घटस्फोटाचं कारण आहे, तुरुंगाचं नाही. कुणी एकटी बाई कुठं राहते ते शोधून द्या म्हणून पुरुष आला, तर आपण सापडू नये असंच तिला वाटत असेल असं धरून चालतो. वकिलाचं पत्र आणि न्यायालयातल्या दाव्याचा नंबर असल्याशिवाय पत्ता नाही.

पाळतीचं काम कमी आहे, आणि पेठांत तर जवळजवळ अशक्य. शिवाजी पेठेत अनोळखी माणूस मोटारसायकल लावून उभा राहिला की दहा मिनिटांत कुणीतरी येऊन विचारतंच, "कुणाकडं आलाय?" तिथं आमचे मामा कामी येतात. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर चेहरे आणि सुट्टे पैसे लक्षात ठेवलेत. देवळात, बाजारात, सीबीएसवर (मध्यवर्ती एसटी स्टँडवर) कुठंही ते इथलेच वाटतात, कारण ते इथलेच आहेत. पुण्याच्या एका एजन्सीनं त्यांना जास्त पैसे देऊ केले होते. गेले नाहीत, तिथल्या मिसळीला चव नाही म्हणाले. मी हे कारण पूर्ण धरत नाही, पण जास्त चौकशीही केली नाही.

पैशाचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं जेमतेम भाडं निघालं, टाळेबंदीत तेही नाही. लग्नंच थांबली होती. आता निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली अहवाल हातात देताना, आणि नकारात्मक काही सापडलं नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. हे वाक्य पावतीवर छापून घ्यावं लागलं.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसायला लागलं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे वकील आता इथंच येतात आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांची कामं. सोलापूर आणि सीमाभागातल्या कामांना आम्हाला कन्नड कमी पडतं. निपाणी, चिकोडीकडच्या स्थळांना दुभाषी घेऊन गेलं की गाव गप्प होतं. म्हणून सध्या कन्नड बोलणारी, दुचाकी चालवणारी मुलगी हवी आहे. पदवीची अट नाही. मुलाखतीत बिंदू चौकात पंधरा मिनिटं उभं करतो आणि काय दिसलं ते अर्ध्या पानात लिहायला सांगतो. त्यात 'बहुतेक' हा शब्द आला तर तो कुठल्या रकान्यातला, एवढं सांगता आलं पाहिजे. जेवणाचा डबा आपला आणायचा, पेट्रोल फर्मचं.