मामांची मूठ आणि आमची फाईल

आज बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत (वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून भाग बनवायचा कारखाना) दिवसभर मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या, मामांच्या मागे मोबाईल घेऊन फिरलो. महिनाअखेरीस ते रिटायर होताहेत.

मामा साच्याची ओलसर वाळू मुठीत घट्ट आवळतात, गोळा मधोमध मोडतात, कडा बघतात. साफ तुटली तर चालू. ढासळली तर ओल कमी, हाताला चिकटली तर जास्त. मग कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, ठरलेलेच. लॅबचा आकडा येईपर्यंत त्यांचा निकाल लागलेला असतो. कसं कळतंय विचारलं तर म्हणाले, "कळतंय की रे, त्यात काय सांगायचं!"

इथंच अडतं. आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.१.६ आहे: कामाला लागणारं ज्ञान ओळखा, जपा, गरजेला मिळेल असं ठेवा. ऑडिटपुरती आमची फाईल झकास आहे. पण ती वाचून कुणाला वाळू ओळखता येत नाही. झेरॉक्स कंपनीनं १९९० च्या दशकात मशीन दुरुस्त करणाऱ्यांच्याच युक्त्या गोळा केल्या, सहकाऱ्यांकडून तपासून घेतल्या आणि युक्तीखाली सांगणाऱ्याचं नाव ठेवलं. मला ते नावच महत्त्वाचं वाटतं. फुकट कोण सांगेल हो?

म्हणून व्हिडिओवर मामांचं नाव घातलंय. भाषा मराठी-कन्नड दोन्ही (मामा एका वाक्यात दोन्ही बोलतात, आपोआप झालं). उद्यापासून दोन पोरं त्यांच्या शेजारी. आधी पोरांनी निकाल सांगायचा, मग मामांनी, शेवटी लॅबचा आकडा तिघांसमोर वाचायचा. आणि रिजेक्शनच्या (बाद मालाच्या) वहीत कारण म्हणून नुसतं "वाळू" लिहिणं बंद. मॅनेजर म्हणतात, प्रॉडक्शन मागं पडेल. पडू दे की थोडं!