शेरा : सतत गैरहजर

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ असे लिहिलेले आहे आणि ते अगदी खरे आहे. नववीत असताना मी वर्गापेक्षा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात अधिक दिसत असे. त्यामुळे सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवण्याचा शाळेचा निरोप आला, तेव्हा आनंदापेक्षा संकोचच जास्त वाटला.

पुढची काही वर्षे लातूरच्या एमआयडीसीत हेल्पर म्हणून गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात पत्र्याच्या निवाऱ्यांचे काम निघाले आणि अँगल कापता-जोडता हात बसला. स्वतःची शेड टाकली तोवर मूग, उडीद आणि खरीप ज्वारीच्या रानात सोयाबीन शिरले होते आणि मळणी यंत्रांना मागणी होती.

बाजारातले एक यंत्र पाहून, इंच-सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मापे घेऊन, मी तसेच उभे केले. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर, तिच्यावर ४ इंची पुली म्हणजे बेल्टचे चाक आणि शेंगा झोडपणाऱ्या ड्रमवर भंगारात मिळालेली ८ इंची. पहिल्याच खळ्यावर पोत्यात निम्मी डाळ पडली. सोयाबीनची साल पातळ असते आणि अंकुर तिच्या लगेच खाली असतो. मार जास्त बसला की दाणा फुटतो, आणि वरून साबूत दिसला तरी पेरणीला उगवेलच असे नाही. शेतकऱ्याने मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले आणि “हे पेरू का शिजवू?” एवढेच विचारले.

त्या रात्री गणिताच्या सरांचे व्यस्त प्रमाण आठवले. मजूर वाढले की दिवस घटतात, हे त्यांनी शिकवले त्या आठवड्यात मी योगायोगाने हजर होतो. पुलीचेही तेच आहे : ड्रमवरच्या पुलीचा व्यास दुप्पट केला की फेऱ्या निम्म्या होतात. माझा ड्रम ७२० फेऱ्यांनी फिरत होता आणि बियाण्याच्या सोयाबीनला ३५० ते ४०० पुरतात. ८ च्या जागी १६ इंची पुली बसवली की १४४० गुणिले ४ भागिले १६, म्हणजे ३६०. बेल्ट घसरतो म्हणून प्रत्यक्षात थोड्या कमी. हा हिशोब मी वेल्डिंग रॉडच्या पुठ्ठ्यावर मांडला.

सत्कारांत ‘शिक्षण नसताना यशस्वी’ असे माझे कौतुक होते, ते मला पटत नाही. नववीपर्यंत जेवढे कानावर पडले त्याच्यावर मी उभा आहे आणि जे पडले नाही त्याचे पैसे मोजले आहेत. एकदा ४० यंत्रांची ऑर्डर केवळ ड्रॉइंग देता आले नाही म्हणून हातची गेली. मी यंत्र दाखवत होतो आणि समोरचे कागद मागत होते.

आता शेडमध्ये डिप्लोमा झालेला एक मुलगा आहे. मी १६ इंच म्हणालो की तो ४०६.४ मिलिमीटर लिहितो आणि दोन सूत म्हणालो की नुसता माझ्याकडे पाहतो. संध्याकाळी काम संपल्यावर तो मला ड्रॉइंग वाचायला शिकवतो. या वर्गाला आतापर्यंत दोनदाच खाडा झाला; दोन्ही वेळा गैरहजर तो होता.