हँडीकॅमवरचं फोटोचं बटण

हँडीकॅम, म्हणजे हातात धरायचा व्हिडिओ कॅमेरा, विकताना दुकानदार आधी झूम दाखवायचा, मग अंधारातही शूटिंग करणारा नाइटशॉट, आणि गिऱ्हाईक डगमगतंय असं दिसलं की शेवटचा पत्ता टाकायचा, "यात फोटोही निघतात." खोटं नव्हतं ते. कसले निघतात, एवढंच तो बोलायचा नाही. झूमच्या खटक्याजवळचं ते बारकं बटण खान्देशातल्या हळदी-लग्नांत भरपूर दाबलं गेलं. शूटिंग मध्येच थांबवून कुणीतरी हौशी ओरडायचा, "हालू नका रे भो, फोटू काढतोय!" आणि अख्खा मांडव दम धरून उभा राहायचा.

गंमत म्हणजे, हँडीकॅमच्या बाबतीत याहून शास्त्रशुद्ध सूचना दुसरी नाही.

मिनीडीव्ही, म्हणजे हँडीकॅमची छोटी डिजिटल कॅसेट, आली १९९५ साली. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड नव्हतंच. बटण दाबलं की कॅमेरा शूटिंगमधली एक चौकट (फ्रेम) गोठवायचा आणि तीच सुमारे सात सेकंद टेपवर लिहायचा. आवाज मात्र चालूच राहायचा. म्हणून जुनी कॅसेट बघताना मंडळी एकदम थिजतात आणि मागे बँड वाजतच असतो. घरच्यांना वाटतं कॅसेट अडकली. अडकलेली नसते, तो फोटो असतो.

पुढे कार्ड आलं. सोनीची मेमरी स्टिक १९९८ ची. कॅमेऱ्यासोबत ४ नाहीतर ८ एमबीची मिळायची. त्यावर उतरणारा फोटो बहुतेक मॉडेलांत ६४० बाय ४८०, म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. आता टेपवरची साधी हलती चौकट बघा. आपल्याकडच्या पाल या व्हिडिओ पद्धतीत ती ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. बटण दाबून मुद्दाम काढलेल्या फोटोपेक्षा न दाबता झालेल्या शूटिंगमध्येच माल जास्त!

पण या मालाला एक खोट आहे. टेपवरची चौकट एका क्षणाची नसते. आधी एकाआड एक ओळी टिपल्या जातात, मग एक पन्नासांश सेकंदाने उरलेल्या. माणूस स्थिर असेल तर दोन्ही अर्धुकं बरोबर जुळतात आणि पूर्ण ५७६ ओळी मिळतात. हात हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. दाते काढायचे तर एक अर्धुकं टाकून द्यावं लागतं आणि उरतात २८८ ओळी. श्रावणात चौरंगावर बसवलेली कानबाई देवी हँडीकॅममधून सुरेख निघते. सारंगखेड्याच्या बाजारात नाचवलेला घोडा निघत नाही, त्याचं कारण हेच. घोड्यासाठी शटरचा वेग वाढवून सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेला तर प्रत्येक अर्धुकं स्वच्छ येतं, पण दाते राहतातच.

शटरचा आणखी एक घोळ अमेरिकेहून आणलेल्या कॅमेऱ्यांचा. ते तिकडच्या एनटीएससी या व्हिडिओ पद्धतीचे, नेहमीचं शटर सेकंदाचा एक साठांश. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि साठाशी तिचं गणित जुळत नाही. मग एक चौकट उजळ, पुढची काळपट. मॅन्युअल शटर असेल तर ते एक शतांशावर ठेवायचं. नसेल तर ट्यूब बंद करून दाराच्या उजेडात बसवायचं.

घरातल्या ग्रुप फोटोला हँडीकॅम आणखी एका कारणाने नडतो. जुन्या मॉडेलांचं भिंग झूम पूर्ण मागे घेतल्यावरही फिल्म कॅमेऱ्याच्या ४० ते ५० मिलिमीटर भिंगाएवढंच, म्हणजे अरुंद दृश्य दाखवतं. माजघरात आठ माणसं बसवली की फोटो काढणाऱ्याला ओट्यापर्यंत मागे सरकावं लागतं. उलट लांबचं टिपायला हाच कॅमेरा भारी. तापीच्या पात्रातले पक्षी, केळीच्या बागेत उंचावरचा कमळ (केळफूल) सुटलेला घड, २० पट ऑप्टिकल, म्हणजे भिंगाच्या खऱ्या झूमवर बसल्या जागी हाताशी येतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं ८०० पट मात्र डिजिटल असतं, म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठं केलेलं. ते मेनूत जाऊन बंदच करावं.

फोटोत चेहरे भुताटकीचे आले, रंग हिरवट पडले, तर आधी नाइटशॉटची पट्टी बघा. कॅमेरा हातात धरताना ती नकळत सरकते आणि भरदिवसा इन्फ्रारेड चालू राहतो. मागे पांढरी भिंत किंवा ऊन असेल तर बॅकलाइटचं बटण दाबायचं. वैशाखातल्या उन्हात एलसीडीवर काही म्हणजे काही दिसत नाही, तेव्हा डोळ्याची खिडकी वापरायची. पण कॅमेरा खाली ठेवताना ती खिडकी सूर्याकडे ठेवायची नाही, आतलं भिंग उन्हाचा चटका देऊन पडदा जाळतं. पुस्तिकेत चालण्याची मर्यादा ० ते ४० अंश दिलेली असते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो, म्हणजे पुस्तिका लिहिणाऱ्याने आपलं लग्नसराईचं हवामान विचारात घेतलेलं नाही. सोनीच्या टेपवाल्या कॅमेऱ्यावर 'सी:२१' दिसलं तर आत बाष्प धरलंय, टेप काढून झाकण उघडं ठेवून तासभर थांबायचं. 'सी:२२' म्हणजे टेप वाचणारं हेड मळलंय. त्याला क्लीनिंग कॅसेट, तीही दहा सेकंद. जास्त फिरवली तर हेडच घासलं जातं.

मेगापिक्सेलचा आकडा हे वेगळंच प्रकरण. फुल एचडीची एक चौकट १९२० बाय १०८०, म्हणजे जेमतेम २० लाख पिक्सेल. सोनीच्या सीएक्स४०५ या स्वस्त हँडीकॅमवर फोटो ९.२ मेगापिक्सेलचा मिळतो आणि प्रकाश टिपणारा सेन्सर आहे अडीच मेगापिक्सेलच्या आतबाहेरचा. बाकीचे पिक्सेल कॅमेरा शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतो. फाइल जड होते, फोटोत नवीन काही येत नाही. अशा कॅमेऱ्यात आकार मुद्दाम कमीचा निवडला तरी काही बिघडत नाही.

आता या सगळ्याची खरी गरज पडते ती भलत्याच वेळी. आजोबा गेलेले असतात, घरात त्यांचा धड फोटो नसतो, आणि कुणाला तरी आठवतं की काकांच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये ते मांडवाच्या खांबाशी बसलेले आहेत. कपाटात कॅसेटही असते आणि तिच्यावरून केलेली व्हीसीडीही. हात व्हीसीडीकडे जातो, कारण ती चालवता येते. पण तिची चौकट ३५२ बाय २८८ ची, म्हणजे टेपच्या पाव हिश्श्याहून कमी. कॅसेटच घ्यायची. ती फायरवायर या जुन्या जोडणीच्या वायरने संगणकात उतरवायची. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं यूएसबी कार्डावरच्या फोटोंपुरतं असतं, व्हिडिओ त्यातून आला तरी कमी दर्जाचा येतो. डीव्ही टेपवर प्रत्येक चौकट स्वतंत्र दाबलेली असते, म्हणून कुठलीही उचलली तरी सारखीच चांगली.

व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायची. 'ई' दाबलं की एकेक चौकट पुढे सरकते, 'डी'ने दाते जातात-येतात, शिफ्ट आणि 'एस' दाबलं की चौकट फोटो म्हणून साठते. सेकंदाला २५ चौकटी असतात, तेव्हा घाई करू नये. माणूस हसताना हसू पूर्ण फुललं की चेहरा निमिषभर थांबतो. मान वळवून झाल्यावरही थांबते. त्या थांब्यावर दाते नसतात आणि डोळेही उघडे सापडतात. हा निवडीचा अधिकार साध्या फोटो कॅमेऱ्याने कधी दिला नव्हता.

चित्रात कण फार असतील आणि आजोबा स्थिर बसलेले असतील तर लागोपाठच्या चार चौकटी गिम्प या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवायच्या, नीट जुळवायच्या आणि खालून वर ओपॅसिटी (अपारदर्शकता) १००, ५०, ३३, २५ टक्के द्यायची. कण निम्म्यावर येतात. मग ७२० ची रुंदी ७६८ करायची, नाहीतर माणूस उगाच बारीक दिसतो. चेहरा उजळ करून देणाऱ्या ॲपांच्या नादी मात्र लागू नये. सुरकुत्या जातात, मिशी नव्याने उगवते आणि फोटोत कुणीतरी परका म्हातारा बसलेला असतो.

छपाईचं गणित विचित्र आहे. ४ बाय ६ इंची चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, ते इथे नाहीत. पासपोर्ट फोटोला ४१३ बाय ५३१ पुरतात, पण त्यासाठी चेहऱ्याने चौकट भरलेली हवी. अडीच फुटी फ्लेक्स मात्र बिनधास्त निघतो. तिथे एक पिक्सेल एक मिलिमीटरचा होतो आणि बारा फुटांवरून डोळ्याला तेवढा ठिपका वेगळा दिसत नाही. भिंतीवरच्या फ्रेममध्ये धूसर वाटणारे आजोबा चौकातल्या फ्लेक्सवर ठसठशीत दिसतात.

फ्लेक्सवाल्याला फोटो पीएनजी, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये द्यायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवला की ते ॲप त्याला आणखी दाबतं, आणि टेपवरून इतक्या खटपटीने वाचवलेल्या नाकाडोळ्यांचे चौकोन होतात.