मामांचं सहस्रचंद्रदर्शन आणि अभिभावकाची सही (माझा अनुभव)

इंदूरमध्ये वृद्धाश्रमात राहणाऱ्या आपल्या माणसासाठी कोणाला काही कार्यक्रम करायचा असेल तर आधीच सांगते, फोटो होतात, जेवण होतं, पाहुणे येतात, अडतं ते परमिशनच्या फॉर्मवर. माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही म्हणून लिहायला बसलेय, सगळं ओळीने येईलच असं नाही.

माझे मामा 81 वर्षांचे. हुकुमचंद मिलमध्ये विव्हिंग खात्यात जॉबर (मागावरच्या कामगारांचे मुकादम) होते, डिसेंबर 1991 मध्ये मिल बंद पडली तोपर्यंत. पण जुन्या इंदूरकरांनी त्यांचं दुसरंच काम पाहिलंय. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या (म्हणजे सजवलेले चित्ररथ) निघतात ना, जेल रोड, कृष्णपुरा छत्री, राजवाडा करत रात्रभर, त्यातल्या हलणाऱ्या मूर्ती मामा आणि त्यांचे सोबती करायचे. आश्रमात मात्र ते म्हणजे कमी मिठाचं जेवण आणि रात्रीची बीपीची गोळी. अटेंडंट मुलं चांगली आहेत, मनापासून करतात, पण हा माणूस कोण आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ऐंशी पूर्ण होऊन काही महिने झाले की सहस्रचंद्रदर्शन करतात, मग म्हटलं पूजा छोटीशी करू आणि त्या निमित्ताने मामांची सगळी गोष्ट तिथल्या लोकांसमोर मांडू.

गोष्ट गोळा करताना "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं विचारू नका, "काय सांगायचं, नोकरी केली" एवढंच उत्तर मिळतं. हातात वस्तू द्या. मी घरातल्या जुन्या टेबलफॅनची मोटर नेली. ती हातात घेतली आणि मामा सुरूच झाले, की लाकडाची चकती घ्यायची, तिच्या मध्यापासून बाजूला खिळा ठोकायचा, खिळ्याला सळई, सळईचं दुसरं टोक मूर्तीच्या कोपराला. मोटर चकती गोल फिरवते पण हात वर-खाली होतो. खिळा मध्यापासून जितका लांब तितका हात जास्त उचलतो, म्हणून गदावाल्या हनुमानाला चार बोटं आणि देवीच्या आशीर्वादाच्या हाताला दोनच, नाहीतर देवी चापट मारतेय असं दिसतं. मी लहानपणी हे सगळं खालून पाहिलंय आणि मला यातलं काही माहीत नव्हतं! सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं, सकाळच्या चहानंतर थोडं थोडं, दुपारनंतर ते थकतात.

आता फॉर्म. ऑफिसमधून एक छापील हिंदी फॉर्म मिळाला, कार्यक्रमाचं नाव, आयोजक, पाहुणे किती, फोटो काढणार का, आणि सगळ्यात खाली निवासीच्या अभिभावकाची, म्हणजे पालकाची, सही. मी म्हटलं मी भाची आहे, मी करते. नाही, ॲडमिशनच्या वेळी ज्याने सही केली तोच अभिभावक. तो म्हणजे माझा मामेभाऊ, तो कॅनडात. त्याने लगेच ईमेल केला, "ईमेल नहीं चलेगा मॅडम, ओरिजिनल साइन लगेगा." त्याने फॉर्म प्रिंट करून सही करून कुरिअर केला, तो येईपर्यंत मी धरलेली तारीख गेली. आला तर क्लार्कने ॲडमिशनची फाईल काढली आणि म्हणाला सही जुळत नाही, तेव्हा देवनागरीत केली होती, आता इंग्लिशमध्ये. मग मॅनेजर म्हणाले ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये ठेवतो, आणि मीटिंग पुढे ढकलली, परत पुढे ढकलली, कारण एक साहेब गावाला गेलेले. मी दर वेळी शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे, बाहेरच्या बाकावर बसायचे आणि परत यायचे. 81 वर्षांच्या माणसाच्या बाबतीत "अगले महीने देखते हैं" हे वाक्य तोंडातून निघतंच कसं?

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की हे सगळं बोलणं मामांच्या देखत चाललेलं असायचं. मी म्हणायचे, अहो ते समोर बसलेत, त्यांना विचारा, तर उत्तर, "बाबूजी को क्यों तकलीफ देना." मामा रोज पेपर वाचतात, औषधं स्वतः मोजून घेतात, बँकेत त्यांची सही चालते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात 60 वर्षं आणि त्यावरच्या माणसाला ज्येष्ठ नागरिक म्हटलंय, पण ज्येष्ठ झाला म्हणून त्याचा सहीचा हक्क गेला असं कुठेही लिहिलेलं नाही. आयुष्य त्यांचं, गोष्ट त्यांची, आणि होकार कॅनडातून यायला हवा!

शेवटी सोडवलं मामांनीच. एक दिवस म्हणाले, "बेटा, कोरा कागद आण." स्वतःच्या हाताने हिंदीत अर्ज लिहिला, की मला माझ्या जीवनाचा कार्यक्रम करवून घ्यायचा आहे, माझी भाची करेल, फोटोला माझी हरकत नाही. खाली सही, तारीख. मग काठी टेकत स्वतः ऑफिसमध्ये गेले आणि क्लार्कला म्हणाले, "आवक नंबर डालो, और कॉपी पर ठप्पा मार दो." मिल बंद झाल्यावर कामगारांचे थकलेले पैसे मिळायला डिसेंबर 2023 उजाडला, 32 वर्षं, त्या लढ्यात त्यांनी एकही कागद ठप्प्याशिवाय दिला नाही की कॉपीशिवाय घरी आणला नाही. आता प्रकरण बाहेरच्या माणसाच्या कार्यक्रमाचं राहिलं नाही, निवासीचा स्वतःचा अर्ज झाला, आणि त्याला मीटिंगच लागत नव्हती म्हणे. त्याच आठवड्यात मंजूर. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

म्हणून तुमचं माणूस भानावर असेल तर पहिल्याच दिवशी अर्ज त्यांच्याच नावाने, त्यांच्याच सहीने द्या आणि आवक नंबर घ्या. अगदीच अडलं तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, सकाळी 8 ते रात्री 8, मार्गदर्शन करतात. मला गरज पडली नाही पण नंबर जवळ ठेवला होता.

कार्यक्रम छान झाला. औक्षणाला 81 दिवे लावायला नाही म्हणाले कारण आत ऑक्सिजन सिलिंडर असतात, ते बरोबरच आहे, आम्ही एक निरांजन अंगणात लावलं आणि बाकी बॅटरीचे दिवे. मामांनी त्या मोटरवर पुठ्ठ्याचा छोटा हनुमान हलवून दाखवला आणि एक आजी म्हणाल्या मी माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन जेल रोडला ही झांकी पाहिलीय, मग त्या दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते जेवणाची पानं मांडली तरी थांबेना.

फोटो मोठे आणि मॅट पेपरवर प्रिंट करा, चमकणाऱ्या कागदावर ट्यूबलाईट पडली की म्हाताऱ्या डोळ्यांना काही दिसत नाही. मागे पेन्सिलीने नावं लिहा. कोणता फोटो लावायचा नाही तेही विचारा, मामांनी मामीचा दवाखान्यातला फोटो काढायला लावला, मी निमूट काढला. जेवणाचा मेनू आधी तिथल्या सिस्टरला दाखवा, अर्ध्या लोकांना शुगर असते. आणि सगळी गोष्ट एका पानावर हिंदीत, मोठ्या अक्षरात लिहून पलंगाजवळ लावा, कारण अटेंडंट मुलं हिंदीच वाचतात. हे मी कार्यक्रमापेक्षाही महत्त्वाचं मानते. आता रात्रपाळीचा मुलगा गोळी द्यायला येतो तेव्हा झांकीचं विचारतो, त्याच्या गल्लीच्या गणपतीला हलणारा उंदीर करायचाय त्याला.

फॉर्म मात्र तोच आहे. अभिभावकाच्या सहीच्या आधी निवासीच्या सहीची ओळ घाला असं मी लेखी दिलंय, आवक नंबर घेऊन. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो म्हणालेत, मी विचारायला जाणार आहे.